हळदीचा दोष नव्हता

माले गावच्या सखूबाईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दुपारी. पंगत उठली, घरचे टीव्हीपुढे बसले आणि लेकीच्या लग्नाची चकती, म्हणजे डीव्हीडी, लावली. नवऱ्याचा आवाज उरला होता तो एवढ्या चकतीतच. वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं आणि चित्राचे चौकोन झाले. पुढे काहीच नाही.

जुन्या टेपवरून ती चकती करून दिली होती हमरस्त्यावरच्या एका चकचकीत दुकानाने. खोकं नामी कंपनीचं, आत भलतीच हलकी चकती, तिच्यावर लग्नही घाईघाईत भरलेलं. तक्रार केल्यावर दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या हळदीनं बिघडली."

याला मी फसवणूक म्हणते.

आमच्याकडे लग्नाची चकती घरात आली की तिला हळदकुंकू लागतं, ती देव्हाऱ्यात बसते. सखूबाईंनीही तेच केलं होतं. म्हणजे नवऱ्याचा आवाज आपल्याच हातांनी पुसला, असं त्या धरून बसल्या. चकती पदरात गुंडाळून पौडला आमच्या स्टुडिओवाल्या काकांकडे आल्या, तेव्हा मी तिथेच होते. आमच्या संघटनेच्या सभांच्या चकत्या काकाच भरून देत.

काका खवट. कोऱ्या चकत्या आणल्या की आधी एक भरून बघणार, ती चालली तरच बाकीच्या ठेवून घेणार. भरायच्या सावकाश, आणि भरलेली प्रत्येक शेवटपर्यंत बघायची. त्यामुळे तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांना पाठ. "थांब, आता नवरीचा मामा रडतोय बघ. लई रडतोय!" एकदा मी चकतीवर आमच्या मागण्यांचा कागद चिकटवायला निघाले, तर म्हणाले, "पोरी, तुजा निषेध डब्याला चिकटव. आत कागद सुटला तर मशीन मरतंय."

हळदकुंकवावर वैतागायचे, पण अडवलं कुणालाच नाही. लग्नामागे दोन चकत्या द्यायचे. "एक देवाला, एक बघायला."

सखूबाईंची चकती त्यांनी उलटी केली. खालच्या बाजूला खरंच एक पिवळं बोट उमटलं होतं. मऊ फडक्याने, मधून कडेकडे, पुसलं. चकती लावली. ती अडली तिथेच अडली.

"बघितलंस ना? हळद गेली, तरी अडतीया. माल खोटा हाय, सखू. तुजा दोष न्हाई."

तेव्हा कुठे त्या रडल्या.

मूळ टेप त्या चकचकीत दुकानातच राहिली होती. ती मागायला आम्ही तिघं तिथे गेलो. "टेप? ती भंगारात गेली," दुकानदार म्हणाला.

परत येऊन काकांनी फळीवरचा जुना बर्नर, चकत्या भरायचं आणि वाचायचं मशीन, काढला. नवा जे वाचत नाही ते कधीकधी जुना वाचतो. कन्यादान मिळालं नाही. जेवणावळीचा एक तुकडा मिळाला. त्यात सखूबाईंचा नवरा वाढप्यांवर ओरडत होता, "आधी पोरांना वाढा रं!"

"असंच वराडायचं," सखूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

काका या उन्हाळ्यात गेले. त्यांचं चलचित्र कुठेच नाही, ते कायम कॅमेऱ्यामागे. पण तुमच्या लग्नाच्या चकतीत कुणी "नवरीबाई, हिकडं बघा" म्हणत असेल, तर ते काकाच. आज ती काढा. शेवटपर्यंत चालवा. दुसरी प्रत करा. आणि टेप कुठे दिली असेल, तर ती हातात पडल्याशिवाय त्या दुकानाची पायरी उतरू नका.