देवळीमागचं पाणी

आखाडा बाळापूरच्या पुढच्या त्या गावात कधीमधी कॉलेजची पोरं गढी बघायला यायची. तटाच्या बुडाशी, गुडघाभर उंचीवर, दोनच चौकोनी भोकं उघडी उरली होती. "इथून बंदुका मारायचे," पोरं म्हणायची.

"एवढ्या खालून? बेडकं मारायची होती काय?" किसनसिंग हसायचा. "पाणी जायच्या वाटा हाईत ह्या. आत सगळी मातीची भरती हाय."

किसनसिंग तांड्यावरचा. चाळीस वर्षं त्यानं विहिरी खोदल्या. एकदा ढासळलेल्या मातीत छातीपर्यंत गाडला गेला होता. तेव्हापासून भिंतीजवळ त्याला स्वस्थ बसवत नसे.

गावानं तटाला टेकून घरं बांधली होती. साप येतात म्हणून बाकीची भोकं बुजवली होती.

सप्टेंबरात पाच दिवस झड लागली. किसनसिंग रोज ओळंबा लावून तट किती बाहेर आला ते बघत होता. शकुबाईच्या घराच्या पत्र्यांच्या वर तटाला पोट आलं होतं. काल दोन बोटं, आज चार.

तिथलं भोक शकुबाईच्या स्वयंपाकघरात होतं. सिमेंटनं लिंपून तिच्या सासूनं त्याची देवळी केली होती.

"काकू, देव काढ," किसनसिंग आत येऊन म्हणाला.

"काहून?"

"मागं पाणी तुंबलंय. तट अंगावर येईल तुझ्या."

"सासूनं बसवलेले देव हाईत. तुझ्या सांगण्यावरून उठवू व्हय?"

"पोहता येतं काय तुझ्या देवाला?"

"जीभ आवर, मेल्या!"

देवाला तो हात लावणार नव्हता. बाहेर गेला, तट बघितला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. शकुबाईनं देवळीत हात फिरवला. भिंत गार होती. देवांमागचं कुंकू ओघळून खाली आलं होतं.

तेवढ्यात पत्र्यावर धाडकन तटातला दगड पडला.

शकुबाईनं देव पदरात घेतले. "मार," ती म्हणाली.

पहारेच्या तिसऱ्या घावाला सिमेंट फुटलं. काळं पाणी चूल विझवून, पिठाच्या डब्याखालून दारापर्यंत गेलं. दुपार झाली तरी वाहतच होतं.

शकुबाई ओसरीवर देव मांडीत घेऊन बसली होती. "चूल बुडवलीस माझी. चहा तरी कशावर टाकू? बस आता जरा."

किसनसिंगनं पुन्हा तटाला ओळंबा लावला. चार बोटं. तेवढीच.

तो बसला नाही. पुढचं बुजलेलं भोक मुंजाजीच्या न्हाणीत होतं. पहार खांद्यावर टाकून तो चिखलातून निघाला आणि मुंजाजीचं दार वाजवायला लागला.