दाजी विहिरीत असताना

विहिरीच्या कामात किस्से का साठतात, सांगू? एक माणूस खाली खडक फोडत असतो आणि वर बसलेल्यांना भीती वाटून घेण्याशिवाय दुसरं काम नसतं. भीती माणसाला गप्प बसू देत नाही. मग तोंड चालतं, आणि वर्षभरात गोणीभर किस्से होतात!

आमचं काम आडव्या बोअरचं. विहीर आटली की तळाला उतरायचं, मशीननं भिंतीत आडवं भोक पाडत जायचं आणि आत लपलेला झरा गाठायचा. टोळीत आम्ही तिघं. भिंतीला कान लावून झरा कुठल्या अंगाला आहे ते सांगणारे उस्ताद बाशाभाई. खाली उतरणारे माझे दाजी, म्हणजे अक्काचे मालक. आणि यारीवर मी. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरची क्रेन, तिच्याच डब्यातून माणूस खाली-वर होतो.

अक्कानं मला या धंद्यात घातलं ते एकाच बोलीवर. "खाली त्येच उतरणार, माझं ऐकत न्हाईत. मग वर तरी माझा भाऊ पायजे." तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच.

०

दाजींचा एक नियम होता. खाली मशीन थांबलं की वरून मी बोलत राहायचं. आवाज बंद झाला की त्यांना वाटायचं, वर कोणीच नाही.

बेंबळी गावच्या विहिरीवर माझे विषय संपले. गावातली लग्नं झाली, भांडणं झाली, शेवटी मी ढाब्यावरचा मेनू भावासकट सांगत सुटलो. शेवभाजीपर्यंत आलो आणि घसा कोरडा पडला. तांब्या तोंडाला लावतोय तोच खालून इशाऱ्याचा दोर असा ओढला गेला की हातातला तांब्या पडला. घाईनं डबा वर घेतला. दाजी पांढरेफटक.

"का थांबलास?"

"पाणी पीत होतो."

"मग सांगून पी की!"

०

जळकोटला ओढ्याच्या काठावर विहीर होती. दाजी खाली, मशीनला हवा पुरवणारा कंप्रेसर वर चालू, भोक बऱ्यापैकी आत गेलेलं. एवढ्यात ओढ्यापलीकडून एक म्हातारी पदर सावरत पळत आली. तिच्या विहिरीतलं पाणी चुलीवरच्या आधणासारखं खदखदायला लागलं होतं! तिनं तुळजाभवानीला साकडं घालून हळद-कुंकू वाहिलं, तरी उकळी थांबेना.

उस्तादांनी हळूच कंप्रेसर बंद करायला लावला. पलीकडची उकळी बंद. चालू केला, पुन्हा उकळी. आमची हवा ओढ्याच्या बुडाखालच्या भेगांमधून तिच्या विहिरीत निघत होती. ओढा वरून कोरडा ठणठणीत, पण खाली सगळा खडक पोखरलेला.

म्हातारीची समजूत पटली, ती घरी गेली. मी मात्र विहिरीत वाकून बघत राहिलो. माझा माणूस ज्याच्या पोटात उतरला होता, ते कुठवर पसरलंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

०

दुसऱ्या एका गावात याच्या उलट झालं. विहिरीत कमरेएवढं पाणी होतं, मालकाला आणखी हवं होतं. उताराच्या अंगानं भोक पाडू नये असं उस्ताद सांगत होते. मालक ऐकेना, त्याच्या सोयऱ्याला त्याच बाजूला पाणी लागलं होतं म्हणे.

पाडलं भोक. पाणी आत यायचं सोडून बाहेर चाललं! दाजींच्या डोळ्यांदेखत कमरेचं गुडघ्याला, गुडघ्याचं घोट्याला. खाली नाल्याच्या दरडीतून कित्येक वर्षं बंद असलेला पाझर फुटला. वरच्या शेतकऱ्यानं आम्हाला शिव्या देऊन हाकललं आणि खालच्यानं जेवायला थांबवलं.

दाजी घास घेईनात. मी विचारलं तर म्हणाले, "पाय वढत हुतं रे ते."

०

आणि गेल्या हिवाळ्यातलं ते काम. पाझर तलावाच्या बांधाखालची विहीर. तलाव तुडुंब, आणि विहिरीला पाणी नाही. मालकाचा हट्ट तलावाच्या अंगानंच जायचं. उस्तादांनी भिंतीला कान लावला आणि पटकन काढून घेतला. म्हणाले, "या अंगाला नको." दाजी म्हणाले, थोडंच जाऊन बघू.

दुपारी धार लागली. मनगटाएवढी, स्वच्छ. मालक नारळ आणायला धावला. मीही हसत होतो. उस्ताद मात्र वाकून धारेकडं बघत होते. धार गढूळ झाली, मग गेरूसारखी लाल.

"आतला लाल थर सुटला. शिवा, त्याला वर घे."

मी ओरडलो, डबा सोडला. दोराला दोन हिसके बसले, म्हणजे वर घे. यारीवर वजन आलं तसा माझा जीव भांड्यात पडला. डबा काठावर आला.

आत मशीन होतं.

रोज संध्याकाळी आधी मशीन वर येतं, मागून माणूस. दाजींचे हात सवयीनं चालले होते. खाली धाडकन भिंतीचा तुकडा कोसळला. मशीन तसंच ढकलून दिलं आणि डबा खाली सोडला. मी बोलत होतो, काय ते आठवत नाही. खालून नुसता पाण्याचा आवाज. इशाऱ्याचा दोर मात्र ताणलेला होता.

मग डब्यावर वजन आलं. मी डोळे मिटून यारी चालवली.

दाजी वर आले ते पायापासून केसांपर्यंत लाल. दोर उजव्या मुठीत. सोडा म्हटलं, मूठ उघडेना. उस्तादांनी एकेक बोट धरून बघितलं, शेवटी कोयत्यानं दोर मुठीच्या वर आणि खाली कापला. मालक नारळ घेऊन उभा होता, तो कुणी फोडला नाही.

घरी पोचलो तरी तुकडा मुठीतच. अक्कानं दारात मुठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ताट वाढलं, दाजींच्या समोर बसली आणि त्यांना एकेक घास भरवू लागली.

भरवता भरवता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "पाणी लागलं का?"

"लागलं, अक्का," मी म्हणालो. "लई लागलं."