बाई उंडारायला निघाल्या

इंग्रजीच्या बाईंच्या संध्याकाळच्या वर्गाला एक नियम होता. फळ्यावर नवा वाक्प्रचार आला की प्रत्येकाने तो स्वतःच्या आयुष्यातल्या प्रसंगात बसवून इंग्रजीत सांगायचा. रचलेला प्रसंग चालणार नाही. वर्ग मोठ्या माणसांचा, दिवसभर राबून आलेल्यांचा, पण एकतीस वर्षांत कुणाला सूट मिळाली नव्हती.

त्या सोमवारी बाईंनी तीन वाक्प्रचार लिहिले: ‘गॅडिंग अबाउट’, ‘आउट ऑन द टाउन’, ‘पेंटिंग द टाउन रेड’. तिन्हींचा अर्थ एकच, मजा शोधत गावभर उंडारणं. वर्गात गप्पांना नुसता ऊत आला. शिंप्याने लग्नाआधीचे पराक्रम सांगितले, बेकरीवाल्याने लग्नानंतरचे. मग नर्स म्हणाली, “बाई, आता तुमचं!”

बाईंनी आपलं आयुष्य आठवून पाहिलं. घर ते वर्ग, वर्ग ते घर, वाटेत भाजी. सांगणार काय? थाप मारावी तर देव वरून बघतोय, आणि नियमही त्यांचाच.

“उद्या सांगते,” त्या कशाबशा म्हणाल्या. वर्गात खसखस पिकली. एवढ्या वर्षांचा दरारा एका वाक्यापायी टांगणीला लागला!

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच बाईंनी चपला घातल्या.

“अगं, पिशवी विसरलीस,” थोरल्या जाऊबाई आतून ओरडल्या.

“पिशवी नकोय.”

“मग चाललीस कुठे?”

“कुठेच नाही.”

“कुठेच नाही, तर चपला कशाला?”

बाईंनी सगळं सांगितलं. जाऊबाईंनी हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. “थांब, मी आलेच! लग्न झाल्यापासून मला काम नसताना कुठेतरी जायचंय.”

पण पायांना सवय सुटेना. दहा मिनिटांत दोघी भाजीवाल्यासमोर हजर! “काय देऊ?” त्याने विचारलं, तशा दोघी खो खो हसत पळत सुटल्या आणि समोर आली ती बस पकडली.

“कुठलं तिकीट?”

“जिथवर जाते तिथवरचं,” बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

शेवटच्या थांब्यावर टोप्यांचं दुकान होतं. बाईंनी नऊ टोप्या घालून पाहिल्या.

“कुणासाठी हवी?” दुकानदार वैतागला.

“नकोच आहे आम्हाला!” म्हणत जाऊबाईंनी दहावी डोक्यावर चढवली. मग आइस्क्रीम, मग बागेतला झोपाळा. जाऊबाई अशा उंच गेल्या की बाई खाली उभ्या राहून एका दमात देवाचा धावा करत होत्या आणि “अजून उंच!” असंही ओरडत होत्या.

घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा सहा वाजून गेले होते. वर्ग सहाचा!

बाई पोचल्या त्या तब्बल चाळीस मिनिटं उशिरा. केस विस्कटलेले, बाहीवर आइस्क्रीम.

“बाई,” शिंपी चाचरत म्हणाला, “काल आम्ही जरा जास्तच केलं. तुमचं वाक्य राहू द्या हवं तर.”

“राहू द्या? अहो, ऐका तर!” बाईंनी खडू टेबलावर टाकला आणि हातवारे करत सुरू झाल्या. भाजीवाला, बस, टोप्या. वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला.

“पण बाई, इंग्रजीत!” नर्सने डोळे पुसत आठवण केली.

“इंग्रजीत उद्या,” बाई म्हणाल्या. “आधी जाऊबाईंना झोपाळ्यावरून कसं उतरवलं, ते सांगू दे.”