बांधावरून मोजलेले फुटवे

माझं काम सोपं होतं, म्हणूनच मी त्यात माती खाल्ली.

वरोऱ्याकडच्या एका शेतावर चाऱ्याच्या ज्वारीची बरीच वाणं शेजारीशेजारी पेरली होती. हिरवा चारा जास्त मिळतो तो उंचीमुळे, जाड धांड्यामुळे म्हणजे ताटामुळे, पानांमुळे की बुडातून निघणाऱ्या फुटव्यांमुळे, हे बघायचं होतं. मी प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं मोजून वहीत लिहायची आणि कापणीला चाऱ्याचं वजन व्हायचं. एवढंच.

शेवटचा वाफा जंगलाला लागून होता. त्यातलं बियाणं जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं दिलेलं, तिच्या सासूपासून घरात चालत आलेलं. देताना ती म्हणाली होती, "आमी चारा मोजत नाई भाऊ. गाईपुढे टाकतो आन् सकाळी का उरलं ते पाहतो. याचं काईच उरत नाई."

मोजायच्या दिवशी ऊन रखरखत होतं, ज्वारीच्या पानांनी हात चिरले होते. आमच्याकडे वाघाचं निमित्त बारा महिने तयार असतं. तेच मनाशी पुढे केलं आणि बांधावर उभा राहून अंदाजे लिहिलं. धांडा बारीक. फुटवे, पाचही झाडांना एकेक.

कापणीत त्याच वाफ्याचं वजन सगळ्यांत जास्त भरलं. ही चाचणी बघणाऱ्या साहेबांनी काटा पाहिला, मग माझी वही पाहिली.

"धांडा बारीक, फुटवा एक, आणि वजन एवढं? शेजारचा चारा मिसळला असेल."

खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. निघालं ते, "असेल, सर." साहेबांनी त्या ओळीवर काट मारली.

सगळे गेल्यावर मी त्या वाफ्यात उतरलो. तेव्हा वाघ काही आठवला नाही. एकेका बुडात कापलेले पाच-पाच, सहा-सहा खुंट होते. मला माझीच किळस आली, तरी वही काखोटीला मारून मी घरी गेलो.

आठवड्याभरानं बाई विचारायला आली.

"माही ज्वारी कशी निंगाली भाऊ?"

"पास नाई झाली बाई. धांडा बारीक पडला."

तिनं मान डोलावली आणि गेली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी तिच्या दारावरून जाताना गाईपुढे जाड जाड धांडे पडलेले दिसले. गाईनं पानं ओरबाडून खाल्ली होती, धांड्यांना तोंडही लावलं नव्हतं. मी थांबलो.

"घरची ज्वारी नाई पेरली का बाई?"

"बी कुठी ठेवलं? कोंबड्यायले टाकलं सारं."

आमच्या शेतावरचं तर आम्ही दाणा भरायच्या आत हिरवंच कापलं होतं. म्हणजे ते बियाणं आता कुठेच नव्हतं.

"काऊन टाकलं?" मी विचारलं.

"तुमी मोजलं होतं ना भाऊ," ती म्हणाली. "आमी त नुसतं पाहतो."