सगळ्यांत मागची सायकल

आमच्या रविवारच्या घोळक्यात लिंबूकाका कायम सगळ्यांत मागे असायचे. दम कमी पडायचा म्हणून नव्हे. साठीतही त्यांनी आम्हा डोंबिवलीकरांना सहज लोळवलं असतं. "मागे वळून बघितलंस की मी दिसणार," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चाळिशीत सायकल शिकलेली मी त्या एका वाक्यावर टिटवाळ्यापर्यंत जायला लागले.

निघण्याआधी ते प्रत्येकाच्या बाटलीत स्वतः लिंबू पिळायचे, मीठ-साखर घालायचे. "तहान लागायची वाट बघायची नाही. आणि गरगरलं की लाजायचं नाही, उतरायचं." ऊन लागलेला माणूस आधी गप्प होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही शहाडच्या पुलावरसुद्धा धापा टाकत बेसूर गाणी म्हणायचो. आवाज थांबला की मागून हाक यायची, "कोण गप्प झालंय रे?"

मग ठाण्याची काही पोरं आमच्यात आली, मोबाइलवर वेग मोजणारी. "काका, तुम्ही मागे राहून वाया घालवताय स्वतःला!" काका नुसते हसायचे. मला वाटायचं, गंमत चाललीय.

त्या एप्रिलमध्ये निघायलाच उशीर झाला होता. आंबिवली गेल्यावर माझं डोकं ठणकायला लागलं, अंग कोरडं पडलं, गाणं बंद झालं. हाक आली नाही. वळून बघितलं तर मागे कोणीच नव्हतं. फोन केला.

"अगं, पोरांना गाठलं मी!" काका ओरडले. ते मला ओलांडून कधी पुढे गेले, मला कळलंच नव्हतं.

"काका, गरगरतंय."

"सावलीत बस, पाणी पी. पोचलो की फोन करतो."

सावलीत बसले. रुमाल भिजवून मानेवर ठेवला, समोरच्या घरातल्या बाईंना हाक मारली. त्यांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. "वेळेवर थांबलात," डॉक्टर म्हणाले. थांबायला काकांनीच शिकवलं होतं, त्याचाच जास्त संताप आला.

संध्याकाळी ते लिंबं घेऊन दारात उभे. "त्या पोरांपुढे म्हातारं दिसायचं नव्हतं गं." मला ते कळलं. तरी आत या म्हटलं नाही.

पोरं केव्हाच दुसरीकडे गेली. आता मागे मी असते. काकांच्या बाटलीतही मीच लिंबू पिळते, पण राग गेलेला नाही. परवा शहाडच्या पुलावर त्यांचं गाणं मध्येच थांबलं.

"काका, गप्प का झालात?"

त्यांनी मागे वळून बघितलं. मी होते.