फळ्यावरचा भवरा

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मेकॅनिक्सच्या तासाला मी तोंड उघडत नसे. शाळा आमच्या गावी, खाप्याला, मराठीतून झाली होती, वडील हातमागावर लुगडी विणायचे. आणि इथे नागपूरला वर्गात सगळा कारभार इंग्रजीतून. गणित माझं आधी सुटायचं, उत्तर मात्र दुसराच कुणीतरी सांगायचा.

सेमिनारसाठी प्रत्येकाला एकेक विषय मिळाला. माझ्या वाट्याला फिरता भवरा आला. मी मेकॅनिक्सच्या सरांना भेटून सांगितलं की लिहून देईन, पण बोलता येणार नाही. इंग्रजीची अडचण आहे, हेही सांगून टाकलं.

"मग मराठीत बोल," ते म्हणाले. "समीकरणं तीच राहतील."

सेमिनारच्या दिवशी नेमके वडील लुगड्यांचा गठ्ठा घेऊन इतवारीच्या बाजारात आले होते. तिथून मला डबा द्यायला आले, तर सरांनी त्यांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं. दाराबाहेर चपला काढून ते आत आले. मी खडू उचलला.

मी भवऱ्याचं लॅग्रांजियन, म्हणजे त्याच्या गतिज आणि स्थितिज ऊर्जेतला फरक, फळ्यावर लिहिलं. भवऱ्याची स्थिती सांगणाऱ्या तीनपैकी दोन कोन त्यात कुठेच नव्हते, म्हणून त्यांचे संवेग कायम राहतात, हे दाखवलं. तेवढ्यात बी.एस्सी.ला पहिला आलेला मुलगा उठला. झुकलेला भवरा पडत का नाही, नुसता वरखाली का डोलतो, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. हातातले कागद मी टेबलावर ठेवले आणि ऊर्जेच्या समीकरणातून त्या डोलण्याच्या दोन्ही हद्दी तिथेच काढून दाखवल्या, मराठीतून. मधेच घंटा झाली. कुणी उठलं नाही.

बाहेर आल्यावर वडिलांनी पायात चपला चढवल्या. मग म्हणाले, "मले काही समजलं नाही वं पोरी. पन सारे जन लिहून घेऊन राहिले होते."

बसस्टँडवर शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी वडिलांनी त्यांना सांगितलं, "हे माही पोरगी. आज कॉलेजात हिनं शिकवलं."

एरवी मी लाजून बाजूला सरकले असते. त्या दिवशी बस येईपर्यंत वडिलांच्या शेजारी ताठ उभी राहिले.