बोलण्याचे उरलेले दिवस

आकाराम दत्तू खोत (जन्म १९५१, मुरगूड, मृत्यू २०२४, कोल्हापूर) यांनी कोल्हापूरच्या एस.टी. स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून सव्वीस वर्षे गाड्यांच्या घोषणा केल्या. आवाज भरदार आणि स्वच्छ. हुपरीची गाडी लागली असे ते सांगत, तेव्हा आजऱ्याला निघालेला माणूसही मान वळवी. घरी मात्र ते मोजकेच बोलत. पत्नी शालूबाई म्हणत, "सगळं बोलणं स्टँडवर सांडून येत्यात. मला उरतंय काय?"

२०२२च्या डिसेंबरात नात अनुजा हिने कुत्र्याचे दीड महिन्याचे पिल्लू घरी आणले आणि त्याचे नाव भुंग्या ठेवले. आईपासून तुटलेले ते पिल्लू निजायच्या वेळी कळवळून रडे. आकाराम त्याच्या खोक्याशेजारी पाट टाकून बसत आणि हलक्या आवाजात त्याच्याशी बोलत राहत: त्याच्या नाकाविषयी, शेपटीविषयी, उद्याच्या दुधाविषयी. ऐकता ऐकता पिल्लाचे डोळे मिटत.

"अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या नाकाचं कधी नाव न्हाय काढलं," शालूबाई एकदा आतून म्हणाल्या.

"तुझं नाक दिसतंय की. त्याचं अजून उगवायचं हाय."

पुढच्याच महिन्यात आकारामांच्या घशातील गाठ कर्करोगाची ठरली. स्वरयंत्र काढावे लागणार होते. शस्त्रक्रिया बारा दिवसांवर होती. त्यानंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आकारामांनी त्याच संध्याकाळी दिवसांची वाटणी केली. आवाजावर निजणारे पिल्लू आवाज गेल्यावर झुरेल. तेव्हा दहा दिवसांत त्याला आवाजाविना झोपायला शिकवायचे. दोन रात्री ते नुसते कुजबुजले. तिसऱ्या रात्रीपासून तोंड मिटले; फक्त हात खोक्यावर ठेवला. मग पाट हातभर मागे सरकला, नंतर उंबऱ्यापर्यंत गेला. घरात कोठेही त्यांचा शब्द ऐकू आला की भुंग्या उठून धावे, म्हणून ते दिवसाही बोलेनासे झाले.

आठव्या दिवशी शालूबाईंना राहवले नाही. "आवं, माझ्यासंगं तरी दोन शब्द बोला की."

आकारामांनी दार लोटून घेतले. "त्याला कळत न्हाय, तुला कळतंय," ते पुटपुटले. "तुझ्याशी लई बोलायचं हाय. अकरावा दिवस अख्खा तुला ठेवलाय."

दहाव्या रात्री भुंग्या आपणहून खोक्यात शिरला आणि हूं की चूं न करता झोपला.

अकराव्या दिवशी सकाळी रुग्णालयातून फोन आला. रुग्णाने आदल्या दिवशीच दाखल व्हायचे, हे कागदावर छापलेले होते. जन्मभर वेळापत्रक पाळणाऱ्या माणसाच्या नजरेतून तेवढी एक ओळ निसटली होती. मग रिक्षा, रांग, सह्या, तपासण्या. पुरुषांच्या कक्षात शालूबाईंना थांबू देईनात. दारापाशी आकारामांनी बोलायला तोंड उघडले. मागे स्ट्रेचर खोळंबले होते. ते एवढेच म्हणाले, "आठनंतर भुंग्याला पाणी दिऊ नको."

शस्त्रक्रियेनंतर ते पाटीवर लिहीत. शालूबाईंना वाचता येत नव्हते. अनुजा वाचून दाखवी. एके दुपारी त्यांनी पाटी भरून लिहिली, नातीकडे पाहिले आणि सगळे तळव्याने पुसून टाकले.

वर्षभराने आजार उलटला आणि ते गेले. निवृत्तिवेतन शालूबाईंच्या नावावर झाले. भुंग्या आठ वाजले की आपल्या जागी जातो आणि कोणालाही न बोलावता झोपतो. शालूबाईंचा अकरावा दिवस तेवढा देणे राहिला.